तळटीप : तोर्रेस घराण्याची ब्रँडी

वर ब्रँडीला उरल्यासुरल्या वाइनची सोय म्हटले आहे. कातालोनियातल्या तोर्रेस घराण्यापुरते तरी हे पटत नाही. पेनेदेसमध्ये १८७० साली सुरू झालेल्या या वाइनच्या पेढीत ब्रँडी आली १९२८ मध्ये, हुआन तोर्रेस कासाल्स यांच्या हातून, आणि तिच्यासाठी पारेयादासारखी स्थानिक पांढरी द्राक्षे वापरात आली. भट्टीला हवी असते आंबटसर, हलकी, कमी मद्यांशाची वाइन. ऊर्ध्वपातनात सुगंधाबरोबर दोषही दाटतात, त्यामुळे बिघडलेल्या वाइनची ब्रँडीही बिघडलेलीच निघते. शिवाय ओकच्या पिंपांत वर्षानुवर्षे पैसा अडकतो. टाकाऊ मालावर इतके भांडवल कोण अडकवील?

यावर कोणी रेउसच्या बाजाराकडे बोट दाखवील : अठराव्या शतकात कातालोनिया आपली वाइन गाळूनच बोटींनी उत्तर युरोपाकडे धाडत असे. खरे आहे. पण गाळल्याने आकारमान घटते आणि माल प्रवासात टिकतो, हा त्या व्यापाराचा हिशेब होता. पिंपात मुरवण्याचा हिशेब वेगळा. लेखकाने जुना शेरा नव्या धंद्याला चिकटवला, एवढेच. आणि चांगली वाइन जमत नाही म्हणून ब्रँडी, असेही म्हणता येत नाही, कारण याच घराण्याच्या मास ला प्लाना मळ्यातल्या १९७० च्या वाइनने १९७९ मध्ये पॅरिसच्या स्पर्धेत शातो लातूरला मागे टाकले होते.