पोलिसांपासून लपवलेला बाहुला

समोरच्याला काय दिसतं हे लहान मुलांना कळतं का? या प्रश्नाचा इतिहास आज आम्ही सांगणार आहोत.

स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हात जाँ पियाजे आणि बार्बेल इनहेल्डर यांनी टेबलावर तीन डोंगर मांडले. पलीकडे बाहुली ठेवली. मुलांना सांगितलं, हिला जे दिसतं ते चित्र उचला. लहान मुलं बहुधा स्वतःला दिसणारंच चित्र उचलायची. १९४८ साली हे पुस्तकात छापून आलं. सहा-सात वर्षांपर्यंत मूल फक्त आपल्याच जागेवरून बघतं, असा समज त्यातून पक्का झाला.

पुढे स्कॉटलंडमध्ये मार्टिन ह्यूज यांनी प्रश्नच बदलला. एकमेकींना छेदणाऱ्या दोन भिंती, दोन पोलीस आणि एक बाहुला. "याला पोलिसांना दिसणार नाही असं लपव." साडेतीन ते पाच वर्षांच्या मुलांची दहापैकी नऊ उत्तरं बरोबर आली! मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७८च्या आपल्या पुस्तकात त्याचं कारण सांगितलं. लपणं मुलांच्या ओळखीचं असतं, डोंगरांचा प्रश्न मात्र त्यांना परका होता.

म्हणून मूल गप्प राहिलं, तर त्याला 'ढ' म्हणण्याआधी आपण आपला प्रश्न बदलून बघू या.