नऊ लाख राउटर आणि एक रविवार

उरले 58 दिवस. 30 सप्टेंबर 2016.
‘मिराई’ या घातक प्रोग्रॅमचा सगळा कोड त्याच्या कर्त्याने एका हॅकर फोरमवर खुला करून टाकला. तोवर मिराईची पद्धत साधी होती. इंटरनेटवरचे कॅमेरे आणि राउटर शोधायचे आणि कारखान्यातून आलेली साठेक नावं-पासवर्ड एकेक करून लावून पाहायचे. पासवर्ड न बदललेलं यंत्र मिराईच्या फौजेत दाखल व्हायचं. कोड खुला झाल्यावर तो कुणीही घ्यावा आणि हवा तसा वाढवावा, अशी वेळ आली.

उरले 20 दिवस. 7 नोव्हेंबर.
आयर्लंडमधल्या ‘एअर’ या कंपनीने ग्राहकांना दिलेल्या ‘डी1000’ मोडेममध्ये एका संशोधकाला खोट सापडली आणि ती त्याने जाहीर केली. पुढचं सगळं या खोटीवर उभं आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

इंटरनेट कंपनीने दिलेला राउटर कंपनी दुरून सांभाळते. सेटिंग बदलणं, नवं फर्मवेअर (यंत्राच्या आतला प्रोग्रॅम) टाकणं ही कामं तिला घरी माणूस न पाठवता करता यावीत, यासाठी 2004 मध्ये ‘टीआर-069’ नावाची पद्धत ठरली. कंपनीची हाक ऐकण्यासाठी राउटर 7547 क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे जणू एक दार, उघडा ठेवतो. ‘टीआर-064’ ही वेगळी पद्धत आहे. ती फक्त घराच्या आतल्या कॉम्प्युटरसाठी आहे आणि तिच्या सूचना बाहेरून येऊच नयेत असा तिचा नेम. डी1000 मात्र या आतल्या सूचनाही 7547 वरून, जगातल्या कुणाकडूनही, मुकाट स्वीकारत होता. त्यातली एक सूचना होती घड्याळ जुळवण्यासाठी सर्व्हरचं नाव देण्याची. नावाच्या जागी आज्ञा लिहिली तर राउटर ती आज्ञाच चालवायचा. पासवर्ड कुणी विचारतच नव्हतं.

ही चूक एका मोडेमपुरती नव्हती. कंपन्या हजारो-लाखो ग्राहकांना एकाच साच्यातलं यंत्र देतात, आणि त्यांचं फर्मवेअर कधी बदललं, बदललं की नाही, हे ग्राहकाला माहीतही नसतं. घरातल्या मोबाइलला अधूनमधून अपडेट मिळतं. कोपऱ्यात, टीव्हीमागे, धूळ खात पडलेल्या राउटरची चौकशी नेट गेल्याशिवाय कुणी करत नाही. मला हे फार धोक्याचं वाटतं, कारण घरातलं प्रत्येक बँक-व्यवहाराचं, शाळेचं, दवाखान्याचं पान याच डब्यातून आत येतं.

उरला 1 दिवस. शनिवार, 26 नोव्हेंबर.
मिराईचा नवा अवतार सुटला. पासवर्ड लावून पाहण्याऐवजी आता तो 7547 वर जाऊन घड्याळाच्या सर्व्हरची ती सूचना पाठवत होता. एकदा शिरला की तो स्वतःची फाइल पुसून फक्त चालू मेमरीत राहायचा आणि 7547 बंद करायचा, म्हणजे दुसरा कुणी आत येऊ नये. मग त्या राउटरकडूनच जगभरचे आणखी पत्ते ठोठावायचा. नोव्हेंबरअखेर मिराईच्या ताब्यात सुमारे सहा लाख यंत्रं होती.

0. रविवार, 27 नोव्हेंबर, दुपारी साडेतीनच्या सुमारास.
भारतात तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. जर्मनीत तो नाताळाआधीच्या अ‍ॅडव्हेंटचा पहिला रविवार होता, घरोघरी माणसं एकत्र जमलेली. डॉइच टेलिकॉमच्या ग्राहकांचं इंटरनेट देशभर एकाच वेळी अडखळू लागलं. एका शहरातली केबल तुटली असती तर नकाशावर एक ठिपका दिसला असता. इथे ठिपके सगळीकडे होते. टेलिकॉमचे लँडलाइनचे ग्राहक सुमारे दोन कोटी. त्यातल्या नऊ लाख घरांपर्यंत हे लोण गेलं.

नुसतं इंटरनेट गेलं असतं तर गोष्ट निराळी. जुनी तांब्याच्या तारेवरची टेलिफोन सेवा टेलिकॉम इंटरनेटवर हलवत होतं. त्यामुळे त्या एका डब्यातून फोन, टीव्ही आणि नेट तिन्ही येत होते आणि तिन्ही एकदम गेले. घरात मोबाइल न वापरणारं एकटं म्हातारं माणूस असेल तर 112 ला फोन लावायचा कशावरून?

रविवार, संध्याकाळ.
काही ग्राहकांनी कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये डीएनएससाठी गूगलचा 8.8.8.8 हा पत्ता घातला आणि त्यांचं नेट सुरू झालं. म्हणजे तार शाबूत होती, कंपनीशी जोडणीही होती. नावावरून पत्ता शोधून देणारं राउटरचं काम तेवढं बंद पडलं होतं. ही तपासणी आजही तितकीच कामाची आहे. वेबसाइट उघडत नसेल तर आधी 8.8.8.8 ला पिंग करून पाहा. उत्तर आलं आणि नाव टाकल्यावर मात्र काही उघडत नसेल, तर दोष डीएनएसचा. उत्तरच आलं नाही तर दोष त्याच्या आधी आहे: तारेत, जोडणीत किंवा कंपनीकडे.

राउटर बंद करून चालू करण्याचा आपला नेहमीचा उपाय या हल्ल्यात एकट्याने पुरणारा नव्हता. मिराई फक्त चालू मेमरीत राहतो, म्हणून रीस्टार्टने तो जातो हे खरं. पण 7547 उघडाच असेल तर पुढची ठोठावणी येतेच आणि यंत्र पुन्हा त्याच अवस्थेत जातं. आधी वाट अडवायची, मग रीस्टार्ट, मग नवं फर्मवेअर. हा क्रम चुकला तर श्रम वाया.

सोमवार, 28 नोव्हेंबर.
टेलिकॉमने हाच क्रम धरला. नेटवर्कमध्येच गाळणी लावून बाहेरून येणाऱ्या त्या सूचना अडवल्या. ‘स्पीडपोर्ट’ मॉडेलांसाठी नवं फर्मवेअर आलं. हे राउटर तैवानच्या आर्केडियनने बनवलेले. ग्राहकांना सांगितलं गेलं, राउटरची वीज काढा, तीस सेकंद थांबा, पुन्हा लावा. सुरू होताना तो नवं फर्मवेअर स्वतः उतरवून घेईल. तोवर मोबाइलवर फुकट इंटरनेटची सोय दिली. त्या दिवशी बंद घरांचा आकडा सुमारे चार लाखांवर आला. सरकारी नेटवर्कवरही हल्ला झाल्याचं, पण तिथे संरक्षण टिकल्याचं जर्मनीच्या माहिती-सुरक्षा संस्थेने कळवलं.

मंगळवार, 29 नोव्हेंबर.
बहुतेक घरं पूर्ववत. त्याच आठवड्यात ब्रिटनमध्ये टॉकटॉक आणि पोस्ट ऑफिसच्या ब्रॉडबँड ग्राहकांचे राउटर बंद पडले.

नंतर एका जर्मन संशोधकाने स्पीडपोर्ट उघडून तपासला, तेव्हा वेगळंच निघालं. त्या मॉडेलवर लिनक्स चालतच नव्हतं, म्हणून मिराईची आज्ञा त्याला लागू पडत नव्हती. ते राउटर ताब्यात गेलेच नव्हते. वरचेवर येणाऱ्या ठोठावणीने ते गुदमरले आणि त्यांचं डीएनएस कोलमडलं. फसलेल्या हल्ल्याने नऊ लाख घरं अंधारात गेली. जो पोर्ट बाहेरच्या जगाला दिसायलाच नको होता, तो दिसत होता, एवढं पुरलं.

या हल्ल्याबद्दल फेब्रुवारी 2017 मध्ये डॅनियल के या ब्रिटिश तरुणाला लंडनजवळच्या ल्यूटन विमानतळावर अटक झाली. लायबेरियातल्या एका टेलिफोन कंपनीला पाडण्यासाठी फौज जमवायची सुपारी त्याने घेतली होती. जुलैमध्ये कोलोनच्या न्यायालयाने त्याला एक वर्ष आठ महिन्यांची स्थगित शिक्षा दिली. त्याच महिन्यात आपल्याकडे बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचे मोडेम बंद पडले. कारण तेच जुनं, कारखान्यातला पासवर्ड तसाच ठेवलेला.

आता तुमच्या घरचे तास, राउटरचं फर्मवेअर बदलण्याचे.

एक तास आधी: राउटर उलटा करून तळाच्या चिठ्ठीचा फोटो काढा. मॉडेलसोबत हार्डवेअरची आवृत्तीही बघा. व्ही1 चं फर्मवेअर व्ही2 वर टाकलं तर राउटर कायमचा जाऊ शकतो. फाइल फक्त उत्पादकाच्या साइटवरून घ्या. सेटिंगचा बॅकअप घ्याच, पण कंपनीच्या जोडणीचं (पीपीपीओई) नाव-पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक वहीत लिहून ठेवा, कारण जुना बॅकअप नव्या आवृत्तीत नेहमी बसतोच असं नाही. राउटर कंपनीचा असेल तर स्वतः फाइल टाकू नका, कंपनीलाच सांगा.

पाच मिनिटं आधी: लॅपटॉप वायरने जोडा, वायफायवरून अपडेट नको. आभाळ भरून आलं असेल, लाइट येत-जात असेल, तर काम उद्यावर ढकला. राउटर इन्व्हर्टरवर असेल तर उत्तम.

ती पाच-दहा मिनिटं: हात लावू नका. जुना प्रोग्रॅम पुसून त्याच जागी नवा लिहिला जात असतो. मध्येच वीज गेली तर चिपमध्ये जुनाही पुरा नाही आणि नवाही पुरा नाही. काही नव्या राउटरमध्ये दोन कप्पे असतात, एक बिघडला तर दुसऱ्यावरून चालू होतो. स्वस्तातल्यांत सहसा नसतात. दिवे बराच वेळ लुकलुकले तरी थांबा. घाईने प्लग काढल्यानेच अशा वेळी राउटर जातात.

पुढचा अर्धा तास: लॉगिनचं पान विचित्र दिसलं तर ब्राउझरची जुनी साठवण पुसा. आवृत्तीचा क्रमांक खरंच बदलला का ते बघा. वायफाय तुटक चालत असेल तर फॅक्टरी रीसेट करून सेटिंग हाताने भरा. वहीतली नोंद इथे कामी येते. अपडेटनंतर काही सेटिंगं मूळ जागी परत जातात, म्हणून रिमोट मॅनेजमेंट बंद आहे ना आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुमचाच आहे ना, हे पुन्हा पाहा. राउटर अजिबात उठत नसेल तरी लगेच फेकू नका. बऱ्याच मॉडेलांत रीसेटचं बटण दाबून ठेवून वीज दिली की रिकव्हरी सुरू होते आणि वायरने फर्मवेअर पुन्हा भरता येतं. रीत मॉडेलप्रमाणे बदलते, म्हणून ती उत्पादकाच्या साइटवरून आधीच उतरवून ठेवा. नेट गेल्यावर ती वाचणार कुठून?

राउटर इंटरनेट कंपनीने दिलेला असेल तर आजच त्यांना फोन करून दोन प्रश्न विचारा: याचं शेवटचं फर्मवेअर कधी आलं, आणि 7547 तुमच्या नेटवर्कबाहेरून बंद आहे का? उत्तर लेखी मागा.