नभोवाणीचे पहिले वाक्य

गावात पूर्वी दवंडी पिटली जाई, ती आठवा. दवंडीवाला आधी डफ वाजवी, मग 'ऐका हो ऐका' अशी हाक देई, आणि त्यानंतरच काय हुकूम असेल तो सांगे. कीर्तनकार नमन केल्यावाचून निरूपणाला हात घालीत नाही. तमाशाचा फड गण झाल्याशिवाय पुढे सरकत नाही. हा नुसता रिवाज नव्हे, बरं का. ऐकणारा आपल्या कामात गुंतलेला असतो. त्याला थांबवायचे, कोण बोलतो आहे ते कळवायचे, आणि आता जे येणार आहे ते सरकारी फर्मान आहे, देवाची कथा आहे की थट्टामस्करी आहे, याची खूण पटवायची, ही सारी कामे त्या पहिल्या हाकेची.

नभोवाणीला तर या हाकेची गरज फारच मोठी. दवंडीवाला निदान डोळ्यांना दिसतो. तो कुणाचा माणूस हे गाव ओळखते. रेडिओवर मात्र नुसता आवाज. म्हणून जुन्या काळच्या नभोवाणीवाल्यांनी कार्यक्रमाच्या पहिल्या वाक्यावर फार मेहनत घेतली. त्यांतली काही वाक्ये कार्यक्रम बंद पडून कित्येक वर्षे झाली तरी लोकांच्या ओठांवर राहिली. त्यांची हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे. ती करमणुकीची आहे आणि कामाचीही आहे.

पहिली गोष्ट अमेरिकेतली. डेट्रॉइट हे मोटारींच्या कारखान्यांचे शहर. १९३३ साली मंदीने त्याचे कंबरडे मोडले होते. त्याच वर्षी तिथल्या एका नभोवाणी केंद्रावरून 'द लोन रेंजर' ही मालिका सुरू झाली. मुखवटा घातलेला एक घोडेस्वार न्यायासाठी लढतो, अशी तिची कथा. सुरुवातीला रोसिनी या इटालियन संगीतकाराच्या 'विल्यम टेल' या संगीतिकेतले भरधाव वाद्यसंगीत वाजे. मग घोड्याच्या टापा, बंदुकीचे बार, आणि 'हाय-यो सिल्व्हर!' अशी आरोळी. सिल्व्हर हे घोड्याचे नाव. लगेच निवेदक श्रोत्यांना म्हणे, की चला, आमच्याबरोबर त्या जुन्या, थरारक दिवसांत परत चला. स्टुडिओत घोडा थोडाच आणणार! अशा टापा त्या काळी नारळाच्या करवंट्यांसारख्या साध्या वस्तूंनी काढीत. पण अर्ध्या मिनिटात ऐकणारे पोर शहरातल्या खोलीतून उठून माळरानावर पोचत असे. ऐकणाऱ्याला जागचे उचलून दुसरीकडे नेणे, हे पहिल्या वाक्याचे एक काम.

दुसरी गोष्ट 'द शॅडो', म्हणजे 'सावली', या नावाची. १९३० साली न्यूयॉर्कच्या एका मासिक-प्रकाशकाने आपल्या रहस्यकथांच्या मासिकाचा खप वाढावा म्हणून नभोवाणीवर त्यातल्या कथा सादर करायला सुरुवात केली. कथा सांगणारा एक गूढ आवाज ठेवला आणि त्याला 'सावली' हे नाव दिले. झाले असे, की लोक कथा विसरले आणि आवाज लक्षात ठेवला. दुकानात जाऊन ते मूळ मासिकाऐवजी 'ते सावलीचे मासिक द्या' म्हणू लागले, आणि तसे मासिक तर नव्हतेच! तेव्हा प्रकाशकाने १९३१ साली त्या नावाचे मासिकच काढले. नंतर १९३७ पासून सावली स्वतःच मालिकेची नायक झाली. माणसांच्या हृदयात कोणते पाप दडले आहे हे कुणाला ठाऊक, असा प्रश्न तो आवाज पहिल्यांदा विचारी, 'सावलीला ठाऊक आहे' असे स्वतःच उत्तर देई, आणि मग हसे. त्या वर्षी नायकाचे काम ऑर्सन वेल्स या तरुण नटाकडे आले. पण सुरुवातीचे वाक्य आणि ते हसणे मात्र आधीच्या फ्रँक रीडिक या नटाच्याच आवाजात मुद्रित करून वाजवीत. नायक बदलला तरी चालेल, पण उंबरठा बदलू नये, एवढे त्यांना कळले होते.

याच ऑर्सन वेल्सच्या हातून पुढच्या वर्षी जे घडले, ते पहिल्या वाक्याच्या इतिहासातले सर्वांत मोठे प्रकरण. तारीख ३० ऑक्टोबर १९३८, रविवार, रात्रीचे आठ. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाच्या १८९८ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवरून केलेली श्रुतिका लागली. मंगळावरचे प्राणी पृथ्वीवर चालून येतात, ही तिची कथा. निवेदकाने पहिल्याच वाक्यात कंपनीचे नाव, नाटकमंडळीचे नाव आणि कादंबरीचे नाव स्वच्छ सांगितले होते. त्यात लपवाछपवी काही नव्हती. पण पुढचा भाग त्यांनी बातम्यांच्या थाटात बसवला होता. आधी हवामान, मग हॉटेलातल्या वाद्यवृंदाचे संगीत, मग संगीत मध्येच तोडून बातमी, की न्यू जर्सीतल्या ग्रोव्हर्स मिल या खेड्यात एका शेतात काहीतरी येऊन आदळले आहे! पहिले वाक्य ज्यांनी ऐकले, त्यांना ते नाटक वाटले. काटा फिरवत फिरवत जे उशिरा तिथे पोचले, त्यांच्यातल्या पुष्कळांना ती खरी बातमी वाटली. हे नाटक आहे, असे पुन्हा सांगितले गेले ते सुमारे चाळीस मिनिटांनी.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी देशभर हाहाकार माजल्याचे छापले. पुढे अभ्यासकांनी तपासले तेव्हा त्यात अतिशयोक्ती फार होती असे दिसले. पण काही माणसे घाबरली हे खरे. प्रिन्स्टन विद्यापीठातले हॅडली कँट्रिल यांनी या प्रकाराचा अभ्यास करून १९४० साली पुस्तक लिहिले. सुरुवात चुकलेल्यांनी फसण्याचे प्रमाण फार अधिक होते, असे त्यांना आढळले. पाहा, शब्द तेच, आवाज तेच. फरक एका वाक्याचा. ते ऐकले तर करमणूक, ते हुकले तर भीती.

आता अमेरिकेतून इंग्लंडकडे वळू. १९४० च्या सप्टेंबरपासून लंडनवर रात्रीमागून रात्री जर्मन बाँब पडू लागले. एडवर्ड मरो हा अमेरिकन वार्ताहर तिथून आपल्या देशाला हाल सांगे. त्याचे पहिले वाक्य दोन-तीन शब्दांचे होते: 'हे... लंडन आहे.' 'हे' म्हटल्यावर तो क्षणभर थांबे. त्या थांबण्यात ऐकणाऱ्याच्या मनात पहिला विचार येई, की लंडन अजून उभे आहे! ही युक्ती मरोची नव्हती, त्याच्या शिक्षिकेची होती. आयडा लू अँडरसन या त्याला महाविद्यालयात वक्तृत्व शिकवीत. लहानपणी पोलिओ झाल्याने त्यांचे शरीर अधू होते. विद्यार्थ्याची भाषणे त्या रेडिओवर कान देऊन ऐकत, आणि त्यांनीच कळवले, की लांबण नको, एवढेच म्हण आणि मध्ये थांब. शिक्षक मंडळींनी ही गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी. बोलणे शिकवताना कुठे थांबायचे हेही शिकवावे लागते.

त्याच वेळी जर्मनीतून विल्यम जॉइस नावाचा माणूस इंग्रजीतून बोले. 'जर्मनी कॉलिंग, जर्मनी कॉलिंग' ही त्याची सुरुवात. तो निदान आपला पत्ता तरी सांगत होता. पण शत्रूने उद्या बी.बी.सी.चेच सोंग घेऊन खोट्या बातम्या दिल्या तर? ही धास्ती खरी होती. तोवर बी.बी.सी.चे वृत्तनिवेदक नाव सांगत नसत. १९४० च्या उन्हाळ्यापासून ते बातम्यांच्या आरंभी आपले नाव सांगू लागले: 'या बातम्या, आणि त्या वाचत आहे अल्व्हार लिडेल.' लोकांना आवाजाची आणि नावाची जोडी पाठ व्हावी, म्हणजे नकली आवाज लगेच ओळखू येईल, हा त्यातला हेतू. यात मोठेपणा मिरवणे नव्हते. ती घराची कडी होती.

आणि आपल्या देशात? इथे नेमके उलटे करावे लागले. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला, पुढारी पकडले गेले, वर्तमानपत्रांवर बंधने आली. तेव्हा उषा मेहता या बावीस वर्षांच्या तरुणीने आणि तिच्या साथीदारांनी मुंबईत गुप्त नभोवाणी केंद्र उभे केले. २७ ऑगस्टला आवाज आला: 'हा काँग्रेस रेडिओ आहे. ४२.३४ मीटरवर, हिंदुस्थानात कुठून तरी बोलत आहे.' वाक्य नीट पाहा. कोण बोलतो ते सांगितले, कुठे ऐकायचे ते सांगितले, आणि कुठून बोलतो ते जाणूनबुजून झाकले. कारण पोलीस मागावर होते आणि जागा पुन्हा पुन्हा बदलावी लागे. पण त्या 'कुठून तरी'नेच ऐकणाऱ्याला धीर दिला असेल. कुठून तरी, म्हणजे कदाचित शेजारच्या गल्लीतूनही! विदर्भातल्या आष्टी आणि चिमूर इथल्या अत्याचारांची हकीकत दाबली जात असताना या केंद्राने ती सांगितली. १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांनी केंद्र पकडले. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. पहिल्या वाक्यात नाव घेणे किती महाग पडू शकते, ते त्यांनी भोगून दाखवले.

शेवटचे उदाहरण पुष्कळांच्या ओळखीचे. १९५२ साली केंद्रीय मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी काटा रेडिओ सिलोनकडे वळवला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. मुंबईत मुद्रण करून ते विमानाने सिलोनला जाई. 'बहनो और भाइयो' अशी अमीन सयानी यांची हाक. 'भाइयो और बहनो' म्हणण्याची सगळ्यांची सवय. यांनी बहिणींना पुढे घेतले. त्यांची भाषा खेड्यापर्यंत पोचली, यालाही कारण आहे. त्यांच्या आई कुलसुम सयानी या नवसाक्षरांसाठी 'रहबर' नावाचे पाक्षिक चालवीत, आणि अमीन लहानपणापासून त्या कामात हाताखाली असत. नुकत्याच वाचायला शिकलेल्या माणसाला कळेल असे बोलायचे, हा धडा तिथला. २०२४ साली सयानी गेले, तेव्हा लोकांना आधी ती हाकच आठवली.

या साऱ्या वाक्यांकडे एकत्र पाहिले म्हणजे ध्यानात येते, की ती तीन प्रश्नांची उत्तरे देतात. कोण बोलतो आहे? कुठून बोलतो आहे? आणि हे काय आहे, बातमी, कथा, की कुणाची जाहिरात? काँग्रेस रेडिओने एक उत्तर राखून ठेवले, पण राखून ठेवले आहे हेही उघड सांगितले.

आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. त्यावर रोज कितीतरी आवाज येतात, आणि त्यांतल्या पुष्कळांना पहिले वाक्यच नसते. मधूनच तोडलेले बोलणे या हातातून त्या हातात जाते. शिवाय कुणाच्याही आवाजाची हुबेहूब नक्कल आता यंत्राला करता येते. १९३८ साली काहींनी सुरुवात चुकवली; आपली तर रोज चुकते. म्हणून गुरुजींना आणि बाईंना एक सुचवावेसे वाटते. वर्गात असा एखादा आलेला संदेश मुलांना ऐकवावा आणि हे तीन प्रश्न फळ्यावर लिहावेत. मुलांनी उत्तरे शोधावीत. जिथे उत्तर सापडणार नाही तिथे फळ्यावरची जागा मोकळी सोडावी, आणि तिन्ही जागा भरेपर्यंत तो संदेश पुढे कुणाला धाडू नये.