अजिंठ्याची चित्रे आणि माणसांची वर्दळ

अजिंठ्याच्या चित्रांची हानी पर्यटनाइतकीच जुनी आहे. 1819 मध्ये शिकारीला आलेला इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ याने दहाव्या लेण्यात आपले नाव व तारीख कोरली. पुढे येणाऱ्या हौशी लोकांनी तर चित्रांचे तुकडेच भिंतीवरून काढून नेले. प्रती करताना रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांवर व्हार्निश चढवले गेले. 1920 नंतर निजाम सरकारने आणलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सुटू लागलेला गिलावा पक्का केला, हे त्यांचे मोठे काम. पण त्यांनी वापरलेली लाखही काळाबरोबर पिवळी पडली.

गर्दीची हानी मात्र डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच ती अधिक घातक. ही चित्रे माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू यांच्या गिलाव्यावर काढलेली आहेत. कोंदट दालनात शेकडो माणसांच्या श्वासाने व घामाने उष्णता आणि दमटपणा वाढतो. माती फुगते, पुन्हा आक्रसते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. ओलीवर किडे व बुरशी पोसतात.

1983 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि ओघ आणखी वाढला. पुढे खासगी गाड्या सुमारे चार किलोमीटर अलीकडे, फर्दापूर तिठ्यावर थांबवून तिथून बस सुरू झाली. चित्रांच्या लेण्यांत मंद दिवे आले, फ्लॅशवर बंदी आली आणि एका वेळी आत सोडायच्या माणसांची संख्याही ठरवण्यात आली.