फुजी गुरुजींचे आडनाव

परळ-लालबागकडून वरळीच्या वाटेला लागले, की पोदार रुग्णालयासमोर एक जपानी बुद्धमंदिर लागते. ज्यांच्या पंथाचे हे मंदिर, ते भिक्षू निचिदात्सु फुजिई (१८८५-१९८५) आपल्याकडे ‘फुजी गुरुजी’ म्हणूनच ओळखले गेले. पुष्कळांना त्यात फुजी पर्वत दिसतो. पण हे आडनाव लिहितात ती चिन्हे पर्वताच्या नावाची नव्हेत. ‘फुजी’ म्हणजे जांभळ्या घोसांची एक वेल आणि ‘इ’ म्हणजे आड. वेलीजवळचा आड! जपानातल्या आडनावांत आज सर्वांत जास्त आढळणारे ‘सातो’. त्यातही हेच वेलीचे चिन्ह आहे.

वाचकांना नवल वाटेल, की संन्यस्त माणसाला आडनाव कसे? आपल्याकडे संन्याशी घराबरोबर घराचे नावही सोडतो. जपानातही पूर्वी भिक्षू आडनावाविना असत, आणि सामान्य शेतकऱ्याला ते अधिकृतपणे लावण्याची मुभा नसे. १८७० साली ती मुभा मिळाली. १८७२ साली भिक्षूंनाही आडनाव घेण्याचा हुकूम झाला. आणि सैन्यभरतीची नोंद नीट राहावी म्हणून १८७५ साली ते सर्वांनाच सक्तीचे झाले. सरकारने आपल्या वहीसाठी लावलेले हे नाव जपानी माणसाने मात्र जिव्हाळ्याचे करून घेतले. तिथे आडनाव आधी, नाव मागून. आणि एकमेकांना हाक मारायची ती आडनावाला ‘सान’ जोडून.

१९३१ साली फुजिई भारतात आले. १९३३ साली वर्ध्याला गांधीजींची भेट झाली आणि गांधीजी त्यांना ‘गुरुजी’ म्हणू लागले. साने गुरुजी म्हणणाऱ्या मराठी जिभेला ‘फुजी गुरुजी’ मुळीच परके वाटले नाही. आडनावापुढे आदराचा शब्द ठेवण्याची रीत दोन्हीकडे एकच! ‘निचिदात्सु’ हे दीक्षेचे नाव पुस्तकात राहिले.

गिरगावच्या चाळीतला चिपळूणकर तीन पिढ्या चिपळूणला गेला नसेल, तरी दारावरच्या पाटीत त्याचे गाव नांदत असते. फुजी गुरुजींचेही तसेच झाले. ज्याने घर सोडले, त्याच्याबरोबर कुण्या पूर्वजाच्या अंगणातली वेल आणि आड समुद्र ओलांडून आला. आणि आपण त्याला आपल्यातलाच एक ‘गुरुजी’ करून ठेवले. वहीतल्या नावाला माणूसपण येते ते असे, प्रेमाने हाक मारणारा भेटला म्हणजे.