अवयवदानाची पूर्वपीठिका



अवयवदान हा विषय डॉक्टरांचा आहे, शाळामास्तरांचा नाहीं, असें आपल्यापैकीं कांहीं जणांना वाटेल, आणि तसें वाटणें स्वाभाविकच आहे. परंतु माझें सारें आयुष्य मुलांना इतिहास शिकविण्यांत गेलें. ज्या गोष्टीला इतिहास आहे, तिच्याविषयीं मास्तरानें चार शब्द बोलण्यास हरकत नसावी. शिवाय हा इतिहास मी ज्या ठिकाणापासून सांगणार आहें, तें ठिकाण आपल्या पुण्याजवळचेंच आहे.

इ. स. १७९२ च्या युद्धांत इंग्रजी फौजेबरोबर कावसजी नांवाचा एक बैल हांकणारा मनुष्य होता. तो टिपूच्या हातीं सांपडला, आणि टिपूनें त्याचें नाक व एक हात कापविला. सुमारें वर्षभर तो नाकावांचून राहिला. पुढें पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें त्याला नवें नाक करून दिलें. त्यानें प्रथम मेणाचें नाक घडविलें, तें सपाट करून कावसजीच्या कपाळावर ठेविलें, भोंवतीं रेघ ओढली आणि तेवढी कातडी सोडविली. दोन डोळ्यांच्या मधोमध एक बारीक पट्टी मात्र त्यानें तशीच जोडलेली राखली. मग ती कातडी फिरवून नाकाच्या जागीं बसविली व सांध्यावर पाण्यांत कालविलेला कात चिंध्यांना लावून चिकटविला. सुमारें २५ दिवसांनीं ती पट्टी कापून नाक मोकळें केलें. मुंबई इलाख्यांतील दोन इंग्रज डॉक्टरांनीं ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली. १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ या मासिकांत तिची हकीकत छापून आली, आणि १८१४ सालीं कार्प्यू नांवाच्या शस्त्रवैद्यानें तीच रीत लंडनमध्यें करून दाखविली. सुश्रुतसंहितेंत नाक घडविण्याची जी क्रिया वर्णिली आहे, तिच्याच कुळांतली ही विद्या.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. कावसजीचें नाक कावसजीच्याच कपाळानें दिलें. दुसऱ्या कोणाची संमति घेण्याचें कारण पडलें नाहीं. परंतु हृदय किंवा यकृत कपाळावरून काढून घेतां येत नाहीं. तें दुसऱ्यानेंच द्यावें लागतें. म्हणून अवयवरोपणाचा पुढचा इतिहास हा दोन अडचणींचा इतिहास आहे. दुसऱ्याचा अवयव शरीर स्वीकारीत नाहीं, ही पहिली. आणि दुसऱ्यानें तो कसा व केव्हां द्यावा, ही दुसरी. पहिली अडचण विज्ञानानें बऱ्याच अंशीं सोडविली आहे. दुसरी तुमच्या-आमच्या घरांत अडून बसली आहे.

नेत्राच्या बाबतींत पहिली अडचण फारशी आडवी आली नाहीं. बुबुळावरील पारदर्शक पडद्यांत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळें परक्याचा पडदाही तेथें बहुधा रुजतो. १९०५ च्या डिसेंबरांत मोराव्हियांतील ओलोमोउत्स या शहरीं डॉ. एडुआर्ड झिर्म यांनीं चुन्यानें डोळे भाजलेल्या एका मजुराला ११ वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्यावरील पडदा बसविला. त्या मुलाचा डोळा इजा होऊन काढावा लागला होता. मजुराच्या एका डोळ्याला दृष्टि आली व ती टिकली.

मूत्रपिंडाची गोष्ट निराळी. दुसऱ्या महायुद्धांत भाजलेल्या माणसांना परक्याची त्वचा लाविली असतां ती थोड्याच दिवसांत नष्ट होई. पीटर मेडावार या शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, शरीर आपलें कोणतें व परकें कोणतें हें ओळखतें आणि परक्याला हांकून देतें. एकरूप जुळ्यांत मात्र हा परकेपणा नसतो. २३ डिसेंबर १९५४ रोजीं बॉस्टन येथें डॉ. जोसेफ मरे यांनीं रोनाल्ड हेरिक याचें एक मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला, बसविलें. रिचर्ड त्यानंतर आठ वर्षें जगला. देणारा रोनाल्ड एका मूत्रपिंडावर २०१० पर्यंत जगला व ७९ व्या वर्षीं वारला. जुळा भाऊ सर्वांनाच असत नाहीं; त्यांच्यासाठीं शरीराचा हा विरोध शमविणारीं औषधें शोधावीं लागलीं. त्यांतलें बुरशीपासून मिळालेलें सायक्लोस्पोरिन १९८० नंतर सर्रास वापरांत आलें, आणि पहिली अडचण पुष्कळशी दूर झाली.

आतां दुसरी. जिवंत मनुष्य एक मूत्रपिंड देऊं शकतो, यकृताचा भाग देऊं शकतो. हृदय देऊं शकत नाहीं. २ डिसेंबर १९६७ रोजीं दक्षिण आफ्रिकेंत केपटाऊन येथें डेनीस डार्व्हल ही २५ वर्षांची तरुणी आपल्या आईसह रस्त्यांत मोटारीच्या धडकेंत सांपडली. आई गेली. मुलीच्या मेंदूची इजा बरी होण्याजोगी नव्हती. डॉक्टरांनीं तिच्या वडिलांना, एडवर्ड डार्व्हल यांना, विचारलें. एकाच दिवशीं पत्नी गेलेली आणि मुलगी जाण्याच्या वाटेवर. त्या गृहस्थांनीं चार मिनिटें विचार केला आणि होकार दिला, असें सांगतात. दुसऱ्या दिवशीं पहाटे डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनीं तिचें हृदय लुई वॉशकान्स्की यांना बसविलें. ते १८ दिवस जगले व न्युमोनियानें वारले. तिचें एक मूत्रपिंड दहा वर्षांच्या एका मुलाला मिळालें. तो मुलगा गोरा नव्हता. आणि त्या देशांत त्या काळीं गोऱ्यांच्या बांकावर इतरांना बसण्याचीही बंदी होती. या प्रसंगानें बर्नार्ड यांचें नांव जगभर झालें. परंतु त्या चार मिनिटांत त्या पित्यानें ‘नाहीं’ म्हटलें असतें, तर बर्नार्ड यांचें कौशल्य हातांतच राहिलें असतें.

त्या चार मिनिटांचें मोल मी जाणतों. कारण तीं माझ्याही वाट्याला आलीं होतीं. कांहीं वर्षांपूर्वीं माझे मेहुणे स्कूटरवरून पडले. तिसऱ्या दिवशीं डॉक्टरांनीं मेंदूचा मृत्यु झाल्याचें सांगितलें, आणि मोठ्या हळुवारपणें अवयवदानाविषयीं विचारलें. बहीण माझ्याकडे वळून म्हणाली, “दादा, तूं सांग.” मेहुण्यांची छाती यंत्राच्या श्वासानें वरखालीं होत होती, हात ऊन होता. मी म्हणालों, “नको.” नाहीं म्हणण्यास माझ्यापाशीं कारण नव्हतें, आणि हो म्हणण्यास आधार नव्हता. वर्षश्राद्धाच्या दिवशीं बहीण म्हणाली, “त्यांना काय वाटलें असतें, हें आपण त्यांना कधीं विचारलेंच नाहीं रे.” तिनें मला बोल लाविला नाहीं, पण तें वाक्य मी अजून विसरलों नाहीं.

मेंदूच्या मृत्यूला कायद्याची मान्यता कशी मिळाली, तेंही पाहूं. बर्नार्ड यांच्या शस्त्रक्रियेनंतर अडीच महिन्यांत, १६ फेब्रुवारी १९६८ रोजीं, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं हृदयरोपण केलें. रोगी कांहीं तासच जगला. त्याच वर्षीं अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठाच्या एका समितीनें मेंदूच्या मृत्यूचीं लक्षणें मांडलीं. आपल्या देशांत तसा कायदा होण्यास आणखी पाव शतक लागलें. मधल्या काळांत मूत्रपिंडांचा बाजार मांडला गेला; गरिबानें विकावें आणि धनिकानें घ्यावें, अशी लाजिरवाणी स्थिति झाली. त्या बाजाराला आळा घालणारा आणि मेंदूच्या मृत्यूला मान्यता देणारा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ सालीं झाला. त्याच वर्षीं ३ ऑगस्टला दिल्लीस डॉ. वेणुगोपाल यांनीं देशांतील पहिलें यशस्वी हृदयरोपण केलें. ४ फेब्रुवारी १९९५ रोजीं हा कायदा ज्या राज्यांत प्रथम अमलांत आला, त्यांत आपलें महाराष्ट्र व गोवा हीं राज्यें होतीं.

लोकांच्या मनांतील शंकांचा या कायद्यानें विचार केला आहे. ‘डॉक्टर घाई करतील’ ही पहिली शंका. मेंदूच्या मृत्यूचा निर्णय चार डॉक्टरांचें मंडळ देतें. किमान सहा तासांच्या अंतरानें दोनदां तपासणी करावी लागते, आणि रोपण करणाऱ्यांपैकीं कोणीही त्या मंडळांत असूं शकत नाहीं. ‘देहाची विटंबना होईल’ ही दुसरी. अवयव काढल्यावर देह टांके घालून नीट बंद करून आप्तांच्या हवालीं करतात, आणि अंत्यसंस्कार रीतीप्रमाणें होतात. नेत्रदानाला तर रुग्णालयही लागत नाहीं. मृत्यु घरीं आला, तरी सहा तासांच्या आंत नेत्र घेतां येतात. मेंदूचा मृत्यु झालेल्या एका माणसाचीं मूत्रपिंडें, फुप्फुसें, यकृत, हृदय, स्वादुपिंड व आंतडें मिळून आठ जणांपर्यंत जीवदान मिळूं शकतें.

असें असूनही २०२३ सालीं आपल्या देशांत जीं १८,००० हून अधिक अवयवरोपणें झालीं, त्या वर्षीं मृत्यूनंतर दान करणारे होते सुमारें १,१००. बाकीचे बहुतेक अवयव जिवंत आप्तांनीं दिले, आणि त्या देणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा फार मोठा आहे. घरांत मरणाचा विषय काढणें आपण अशुभ मानतों; त्याची किंमत पुष्कळदां घरची आई किंवा पत्नी आपलें मूत्रपिंड देऊन चुकविते. स्पेन देशाकडे पाहा. तेथील १९७९ च्या कायद्यानें, ज्यानें नकार कळविला नाहीं त्याची संमति गृहीत धरली आहे. तरीही तेथील रुग्णालयांत खास नेमलेले लोक प्रत्येक वेळीं कुटुंबाला विचारतात. तेथें दर दहा लाख लोकसंख्येमागें वर्षाला ४० हून अधिक जण मरणोत्तर दान करतात. आपल्याकडे तें प्रमाण एकाहूनही कमी आहे.

वृत्रासुराच्या वधासाठीं आपल्या अस्थि देणाऱ्या दधीचीची कथा आपण दातृत्वाची म्हणून मुलांना सांगतों. मीही तशीच शिकवीत आलों. अलीकडे मला तिच्यांतली दुसरी गोष्ट दिसूं लागली आहे. देवांनीं दधीची मरेपर्यंत वाट पाहिली नाहीं, आणि त्याच्या पश्चात् आश्रमांतल्या माणसांना कोंडींत धरलें नाहीं. त्यांनीं दधीचीलाच विचारलें, आणि दधीचीनेंच उत्तर दिलें.

म्हणून आपणांस माझी विनंती दोन गोष्टींची आहे. १८ वर्षें पूर्ण झालेल्या कोणासही सरकारी नमुन्याचा अर्ज भरून, किंवा राष्ट्रीय संघटनेच्या संकेतस्थळावर, दाता म्हणून नांव नोंदवितां येतें, तें नोंदवावें. आणि नोंदविल्यावर घरच्या माणसांना तोंडानें सांगावें; कारण वेळ येईल तेव्हां विचारलें जाईल तें त्यांना, आणि तेव्हां आपण सांगावयास नसूं. मीं माझें नांव नोंदविलें आणि रात्रीं पानावर बसल्यावर सर्वांना सांगितलें. मुलगा म्हणाला, “बाबा, जेवतांना काय हें?” पण सगळे एके ठिकाणीं जमतात ती वेळ तीच. पुढच्या महिन्यांत बहिणीनेंही अर्ज भरला. त्यावर साक्षीदार म्हणून तिनें माझी सही घेतली.