ई-रीडर आणि घरचे पुस्तक

ग्रंथाच्या इतिहासात लेखक, मुद्रक आणि प्रकाशक यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पुस्तक वाचकाच्या घरी कोणत्या वाटेने आले, याची चिकित्सा मात्र क्वचित होते. पोथीच्या काळात ज्याला ग्रंथ हवा असे तो स्वतः तिची नक्कल उतरवून घेई किंवा लेखकूकडून उतरवून घेई. मुद्रणानंतर ही वाट बंद झाली आणि वाचक दुकान व ग्रंथालय यांच्यावर अवलंबून राहिला. ई-रीडरने या दोन्ही वाटा पुन्हा शेजारी आणून ठेवल्या. एक पुस्तक दुकानातून थेट यंत्रात उतरते. दुसरे वाचक अन्यत्र मिळवतो आणि संगणकाला तार जोडून स्वतः यंत्रात भरतो. या दुसऱ्या वाटेला ‘साइडलोडिंग’ म्हणतात. इंग्रजी वाचकाला ही आडवाट वाटली, तरी मराठी वाचकासाठी दीर्घकाळ तीच मुख्य वाट होती, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

हातात धरून वाचण्याची ‘रॉकेट ई-बुक’सारखी यंत्रे १९९८ मध्येच बाजारात आली होती, पण त्यांचे पडदे उजेड फेकणारे होते. ई-इंक तंत्राने हे चित्र बदलले. या पडद्यात सूक्ष्म कुप्यांमधले काळे-पांढरे कण विजेच्या प्रभावाने वर-खाली होतात आणि एकदा उमटलेले पान टिकवण्यासाठी वीज लागत नाही. असा पडदा असलेले सोनीचे ‘लिब्रिए’ २००४ मध्ये जपानमध्ये विक्रीस आले. पडदा कागदासारखा होता, परंतु त्यासाठी मिळणारी पुस्तके ६० दिवसांनी उघडेनाशी होत. म्हणजे वाचकाच्या हाती कागद आला, पुस्तक आले नाही.

सोनीचे पुढचे यंत्र २००६ मध्ये अमेरिकेत आले. ते लिनक्सवर चालत नसे. त्या वेळी अमेरिकेत भौतिकशास्त्राचे उच्च शिक्षण घेणाऱ्या कोविद गोयल या भारतीय विद्यार्थ्याने त्याची संगणकाशी बोलण्याची रीत उलगडली आणि ऑक्टोबर २००६ मध्ये एक छोटी आज्ञावली लिहायला घेतली. तीच पुढे ‘कॅलिबर’ या नावाने जगभर पसरली. पुस्तकांची नोंद ठेवणे, एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात त्यांचे रूपांतर करणे आणि ती यंत्रात पोहोचवणे ही तिन्ही कामे ती विनामूल्य करते. स्वतःचा संग्रह बाळगणाऱ्या ई-वाचकाचा इतिहास या आज्ञावलीपासून वेगळा काढता येत नाही.

नोव्हेंबर २००७ मध्ये अ‍ॅमेझॉनचे किंडल ३९९ डॉलरला आले. त्याच वर्षी ‘ईपब’ हे खुले स्वरूप मान्य झाले. किंडलने मात्र स्वतःचे वेगळे स्वरूप ठेवले. जुलै २००९ मध्ये, विक्रेत्याकडे हक्क नव्हते म्हणून, ऑर्वेलच्या ‘१९८४’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’ यांच्या विकलेल्या प्रती अ‍ॅमेझॉनने ग्राहकांच्या यंत्रांतून दुरूनच पुसून टाकल्या. पैसे परत मिळाले, कंपनीने क्षमाही मागितली. पण एका शालेय विद्यार्थ्याने अभ्यासासाठी केलेल्या टिपणांना ज्या पानांचा आधार होता ती पानेच राहिली नाहीत. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा तिथली पुस्तकेही वाचकांकडून गेली. अध्यापकांनी या घटनांकडे केवळ तांत्रिक बातमी म्हणून पाहू नये. समासातील टिपण ही वाचनाची मिळकत असते.

मराठीची कहाणी याहून निराळी आहे. किंडल भारतात २०१२ मध्ये अधिकृतपणे आले. त्याच्या दुकानात मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ मध्ये आली. मधल्या काळात मराठी वाचकाला दार होते ते मागचेच. तेही सताड उघडे नव्हते. त्या काळात आमच्या एका सहकाऱ्याने परदेशातून आणवलेल्या यंत्रात आम्ही हौसेने एक मराठी कथा भरली. पडद्यावर जोडाक्षरे पाय मोडून उभी होती आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली होती. कारण पुढे कळले. युनिकोडमध्ये वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते आणि दाखवताना ती आधी आणावी लागते. देवनागरीची ही रीत त्या यंत्राला शिकवलेलीच नव्हती. नव्या यंत्रांत हा दोष सहसा आढळत नाही; तरीही यंत्र निवडताना ‘किर्ती’, ‘तऱ्हा’, ‘दुष्ट्या’ असे चार शब्द त्यावर उघडून पाहावेत, हे बरे.

आज अडचण यंत्राची नसून मजकुराची आहे. इंग्रजीत प्रोजेक्ट गुटेनबर्गने १९७१ पासून ग्रंथ अक्षरशः टंकून ठेवले. मराठीतील जुनी पुस्तके जालावर मिळतात ती बहुधा पीडीएफमध्ये, म्हणजे पानांच्या छायाचित्रांच्या रूपात. सहा इंची पडदा सुमारे ९ बाय १२ सेंटिमीटरचा. डेमी आकाराचे पान सुमारे १४ बाय २१. असे पान त्या पडद्यावर आक्रसले की रफार आणि अनुस्वार दिसेनासे होतात. १०.३ इंची पडदा मात्र जवळपास डेमी पानाएवढा असतो. म्हणून ज्याचा संग्रह स्कॅन केलेल्या पुस्तकांचा आहे त्याने मोठा पडदा घ्यावा. ज्याच्याकडे युनिकोडमधील ईपब आहेत त्याला लहान पडदा पुरतो, कारण तिथे ओळी रुंदीनुसार नव्याने मांडल्या जातात. डीटीपीच्या जुन्या फाँटमधील पीडीएफ ही तिसरी जात: दिसायला मराठी, पण रूपांतर केले की रोमन चिन्हांचा बुजबुजाट.

या सहवासात काही शिस्त आपोआप लागते. फाइलच्या नावात लेखक, आवृत्ती आणि वर्ष लिहावे, कारण ईपबमध्ये पृष्ठांक स्थिर नसतात आणि संदर्भ देताना हीच नोंद उपयोगी पडते. मूळ प्रत यंत्राबाहेरही जपून ठेवावी. हक्कांचा विवेकही हवा. भारतात १९९२ पासून स्वामित्वहक्क लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. हरि नारायण आपटे (निधन १९१९) किंवा साने गुरुजी (निधन १९५०) यांचे लेखन आता सर्वांचे आहे. हयात लेखकाच्या कादंबरीची फिरती पीडीएफ तशी नाही. मागचे दार हे चोरदार नव्हे, हे विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉनने विकत घेतलेले किंडल पुस्तक संगणकावर उतरवून तारेने यंत्रात नेण्याची सोय काढून घेतली. वाचकाने स्वतः मिळवलेली फाइल आजही तारेने भरता येते. दुकानाचे पुस्तक दुकानाच्या अटींवर आणि घरचे पुस्तक आपल्या अटींवर, ही रेषा आता अधिक ठळक झाली आहे.

परंतु घरचे पुस्तक आधी घडवावे लागते. मराठी विकिस्रोतावर स्कॅन केलेल्या पानाशेजारी त्याचा मजकूर तपासून लिहिण्याची सोय आहे. यंत्राने ओळखलेल्या मजकुरात ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो. तो दोष मराठी जाणणाऱ्या डोळ्यालाच दिसतो. एम.ए.च्या वर्गातील प्रत्येकाने वर्षाला दहा पाने तपासली, तर वीस जणांच्या वर्गातून दोनशे पानांचे एक पुस्तक उभे राहील. पाठचिकित्सेचा याहून चांगला स्वाध्याय आम्हांला सुचत नाही. पोथी उतरवणाऱ्याचे काम मुद्रणाने संपवले असे आपण शिकवत आलो. ते काम संपलेले नाही. आपल्या पिढीच्या वाट्याला ते पुन्हा आले आहे.